तब्येत बरी नसलेली मुलं

मोठ्या बाईंनी स्वतःहून कुणाला जेवायला बोलावलं की घरचे धास्तावायचे. एरवी त्यांना वेळच नसे. शाळा, शाळेचा कारभार आणि वरच्या कार्यालयातून येणारे फोन यांच्यातून जे काही उरे, ते त्या रविवारी दुपारी झोपून संपवत. मागच्या खेपेला त्यांनी सगळ्यांना असं बोलावलं तेव्हा सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून उठवायचं होतं. त्याच्या आधी बोलावलं तेव्हा जेवणं झाल्यावर दोघा भावांची घरं वेगळी झाली होती. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी फोन वाजला आणि "उद्या जेवायला या, भिंगरीलाही आणा" एवढं बोलून बंद झाला, तेव्हा त्यांच्या धाकट्या दिराने बायकोकडे बघत विचारलं, "आता कोणाचा नंबर?"

"परवा चाचणी आहे," बायको म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती आणि इंजेक्शन टोचताना ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात घरीही वाईट बातमी सांगायची. "कोणाचा नंबर ते तुला कळत नाही का?"

भिंगरी आतल्या खोलीत बुटांच्या नाड्या बांधत बसली होती. लहानपणी एका जागी बसवली की तिथून हलायची नाही, म्हणून बापाने थट्टेने ठेवलेलं हे नाव. आता ती चौथीत होती आणि नाड्यांना तिला अजूनही वेळ लागायचा.

रविवारी चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सगळे जमले. दुकान थोरल्याचं, घरही थोरल्याचं, राज्य मात्र त्याच्या बायकोचं, मोठ्या बाईंचं. आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत होते आणि त्या दुपारी ते एकटेच खुशीत होते, कारण त्यांना फक्त नात येणार एवढंच ठाऊक होतं. तसं तर ती रोजच यायची. आईबापांच्या पाळ्या संपेपर्यंत शाळा सुटल्यावर आजोबांजवळ बसायची. पण रविवारची नात म्हणजे वरकमाई.

जेवताना बोलणं भलतीकडेच चाललं होतं. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा; एका इमारतीत कोणी साहेब दोन मजल्यांच्या मधोमध अडकले आणि आतूनच सगळ्यांना हुकूम सोडत राहिले, ते तो हातवारे करून सांगत होता. थोरला हसला. आप्पाही हसले. मोठ्या बाईंनी ताटातलं इकडचं तिकडे केलं. समोर भिंगरी एकेक घास चावून चावून खात होती आणि त्यांची नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात होती.

"भिंगरी, खाली दुकानात फ्रेमा पुसायच्या राहिल्यात," ताटं उचलल्यावर थोरला म्हणाला. "पुसतेस? लाल फडकं घे, निळं नको."

तिला ते काम फार आवडायचं. ती जिना उतरून गेली. पावलांचा आवाज थांबेपर्यंत कोणी बोललं नाही.

"उद्या तिला घरीच राहू दे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे?" नर्सने विचारलं.

"चाचणीला बसवायला नको. पाच सराव झाले. चाळीसातले दहा, बारा, नऊ. पाऊण पेपर ती सोडवतच नाही. गोल कोरेच ठेवते. मी काय करू, सांग."

तीन वर्षांपूर्वी ही सामायिक चाचणी सुरू झाली. सगळ्या शाळांतल्या चौथीच्या मुलांना एकाच दिवशी एकच पेपर, प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, बरोबर वाटेल त्याचा गोल काळा करायचा. कागद यंत्रात जायचे आणि यंत्रातून शाळांची यादी बाहेर पडायची. तळाच्या शाळांची नावं लाल. गेल्या वर्षी आप्पांच्या शाळेचं नाव लाल होतं. यंदा पुन्हा लाल झालं, तर शाळा बंद होणार आणि मुलं महामार्गापलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार, असं वरच्या कार्यालयाने स्वच्छ कळवलं होतं. न सांगता गैरहजर राहिलेल्या मुलाला शून्य गुण. डॉक्टरांचा दाखला असला तर मात्र ते मूल मोजायचंच नाही.

"तुझ्या दवाखान्यातला दाखला चालेल," मोठ्या बाई पुढे म्हणाल्या. "त्या सहा जणांचे आणलेस तसाच."

मागच्या आठवड्यात नर्सने ते दाखले आणले होते. वर्गात साथ आहे, काही मुलं उठण्याच्या स्थितीत नाहीत, असं वहिनींनी सांगितलं होतं. साथ असती तर पहिल्यांदा दवाखान्यात दिसली असती. बाहेरच्या बाकांवर तर फक्त म्हाताऱ्यांचे गुडघे आणि कोणा सुताराचं बोट होतं. हे तिला त्याच क्षणी कळलं होतं आणि तिने विचारलं नव्हतं. का विचारलं नाही, तेही तिला ठाऊक होतं. सहा नावं तिने वाचली होती आणि त्यात आपल्या लेकीचं नाव नाही हे पाहून तिला हायसं वाटलं होतं. आता त्या हायसं वाटण्याचीच तिला शरम वाटली, आणि शरमेचा राग झाला.

"माझी मुलगी आजारी नाही," ती म्हणाली.

"अगं, पण ती सहा तरी कुठं—" थोरल्याच्या तोंडून निसटलं, आणि बायकोने बघितल्यावर तो पाणी प्यायला लागला.

"राहू दे की घरी," धाकटा मध्येच म्हणाला.

नर्सने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "तू पण?"

"सरावाच्या दिवशी सकाळी काय होतं ते तुला ठाऊक नाही. तू पाळीवर असतेस. मी असतो घरी. दूध प्यायलं की दहा मिनिटांत बाहेर. मोरीत मी तिचं डोकं धरून उभा असतो. आणि ती विचारते, बाबा, आज किती गोल आहेत? एक दिवस सुटली तर सुटू दे ना. वहिनी काही वाईट नाही सांगत."

"वाईट नाही? 'तू गेलीस तर शाळेचं नाक कापलं जाईल, तू नको येऊस' असं सांगायचं पोरीला?"

"असं कोण सांगणार आहे? बरं नाही म्हणायचं."

"काय झालंय म्हणायचं? डोकं दुखतंय? पोट? तूच ठरव. रोग तू निवड, मी दाखला आणते."

आप्पांना कमी ऐकू यायचं, पण नको ते नेमकं ऐकू यायचं. त्यांनी खुर्ची वळवली. "कोणाला बरं नाही?"

"कोणाला काही झालेलं नाही, आप्पा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग दाखला कसला?" सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून त्यांना पुरेसं कळलं. त्यांचा आवाज चढला. "माझी नात माझ्या शाळेत परीक्षेला बसणार नाही? अगं, ही शाळा मी दोन खोल्यांत काढली तेव्हा एक मूल पायाने अधू होतं, त्याला मी पाठीवर आणायचो. दारातून कोणाला परत नाही पाठवलं."

"तुमच्या वेळी यादी नव्हती."

"यादी, यादी! आजारी मुलं नाहीत, तुम्हीच आहात."

"आजारी शाळा आहे, आप्पा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आला की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "आणि मी काय हौसेने करतेय? शाळा गेली की ही सातही जणं त्या पलीकडच्या शाळेत जातील. एका वर्गात साठ. तिथं पहिल्या आठवड्यात ती शेवटच्या बाकावर बसतील आणि नंतर कोणाला दिसणारसुद्धा नाहीत. मी एक दिवस त्यांना घरी ठेवते, म्हणजे उरलेली सगळी वर्षं ती माझ्याजवळ राहतील. दुसरा मार्ग असला तर सांगा. रात्रंदिवस तोच शोधतेय. सापडला तर मलाही हवाय."

त्या काही दगडाच्या नव्हत्या, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. घर वेगळं झालं तेव्हाही सगळ्यांत जास्त रडल्या होत्या त्याच, फक्त न्हाणीघराचं दार लावून.

"मी एक बोलू का?" थोरल्याने घसा खाकरला. मांडवलीचं काम या घरात त्याच्याकडे होतं आणि ते त्याला कधीच जमत नसे. "तिचे डोळे मी दोनदा तपासले. शेवटची ओळ सुद्धा घडाघडा वाचते. म्हणजे दिसतं. कानही ठीक. मग पाऊण पेपर कोरा का ठेवते? पेपर सोडवताना तिला आपल्यापैकी कोणी पाहिलंय?"

"मी पाहिलंय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"तू गुण पाहिलेस."

वर्गात चाळीस डोकी खाली वाकलेली असतात. मोठ्या बाई पाठीमागून फेऱ्या मारतात. त्यांना डोकी दिसतात. त्या उठल्या आणि पिशवीतून सरावाचा एक पेपर काढला. तो त्यांच्या पिशवीत होताच. रविवारी सुद्धा.

आप्पांसकट सगळे खाली आले, तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत भिंतभर आरसे आणि आरशांसमोर फ्रेमांच्या रांगा. भिंगरीने एक रांग पुसून संपवली होती आणि दुसरीतली तिसरी फ्रेम ती उजेडात धरून बघत होती. थोरल्याने तिला गिऱ्हाइकांचे डोळे तपासायच्या उंच खुर्चीत बसवलं, मांडीवर पाटी दिली, पाटीवर पेपर. "दहाच प्रश्न. दहा मिनिटं. चुकलं तर काही नाही, बरोबर आलं तर ती हिरवी फ्रेम तुझी."

"काचेची?"

"साध्या काचेची. तुझ्या डोळ्यांना माझा काही उपयोग नाही."

ती हसली, पण पेन्सिल हातात घेताच हसू गेलं. धाकटा शटरजवळ उभा होता. तिथून त्याला आरशांत आपली मुलगी चारी बाजूंनी दिसत होती: कपाळ, कान, मानेवरचे भुरभुरणारे केस. तिने पहिला प्रश्न वाचला. ओठ हलले. मग तिने डोळे मिटले.

सगळे वाट बघत राहिले. घड्याळाचा काटा फिरत होता आणि ती डोळे मिटून बसली होती.

"काय गं, झोप येतेय?" नर्सने न राहवून विचारलं.

"नाही."

"मग?"

"बघतेय."

"काय बघतेस?"

"माळी." डोळे मिटलेलेच. "आठ रांगा लावल्यात त्यानं. एकेका रांगेत बारा रोपं. नऊ वाळलीत. चार इकडं कुंपणाजवळ, तिथं पाणी पोचत नाही." मग तिने डोळे उघडले आणि एक गोल काळा केला. सत्त्याऐंशी. बरोबर होतं. "पण काकू, वाळलेली त्यानं उपटली का नाहीत?"

भिंगरी दुसऱ्या प्रश्नाकडे वळली. वाचलं, डोळे मिटले, बसली. दहा मिनिटं झाली तेव्हा तिचे तीन प्रश्न झाले होते आणि तिन्ही अचूक होते. उरलेले सात तिने वाचलेलेही नव्हते.

वाचायचं, मिटायचं, बघायचं. चष्म्याच्या दुकानात उभ्या असलेल्या त्या माणसांपैकी हे कोणाला ओळखू येणार नाही? आप्पांची सगळी हयात त्यावर गेली होती. एक वाक्य वाच, डोळे मिट, आत दिसलं का ते बघ, दिसलं तर पुढे जा, नाही तर पुन्हा वाच. गावातले अर्धे म्हातारे अजून आप्पांना रस्त्यात थांबवून सांगत, सर, अजून डोळे मिटतो हं आम्ही. मोठ्या बाईंनी तो तास बंद केला, त्या जागी सराव घातला, त्याला दोन वर्षं झाली. शाळेत बंद झालेला तास वर खिडकीजवळच्या खुर्चीत रोज संध्याकाळी चालू होता, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"बघितलंत?" आप्पांचा चेहरा फुलला होता. "तीनपैकी तीन! तुमची एवढी पोरं तोंडपाठ गोल रंगवतात, एकाने तरी विचारलं का, रोपं उपटली का नाहीत म्हणून? हिला कच्ची म्हणता? कच्चा तुमचा पेपर आहे."

"मला वाटलंच होतं," नर्स म्हणाली. तिने लेकीला जवळ ओढलं. "माझी मुलगी मंद नाही. ऐकलंस का?" हे तिने नवऱ्याला ऐकवलं.

"मंद कोण म्हणालं?" मोठ्या बाई थकून म्हणाल्या. "पण तीन म्हणजे तीनच ना. यंत्राला माळी नाही दिसत."

"मग यंत्र बदला!" आप्पा गरजले. "माझी पद्धत नका बदलू. या पद्धतीने शिकलेलं एक मूल मला दाखवा, जे वाया गेलं."

"मी," धाकटा म्हणाला.

तो अजून शटरजवळच उभा होता. आवाज चढवून बोलला नाही. आयुष्यात तो आप्पांशी फारसं बोललाच नव्हता. दादा बोलायचा, तो पाने-पक्कड घेऊन बाहेर पडायचा.

"मला कधी काही दिसलं नाही, आप्पा. डोळे मिटले की काळोख. तुम्ही विचारायचात, दिसलं का? सगळी पोरं हात वर करायची. मी पण करायचो. मग तुम्ही विचारायचात, काय दिसलं? मी शेजारच्याचं ऐकून सांगायचो. तो नदी म्हणाला की मी होडी म्हणायचो. दुसरीत दोन वर्षं बसवलंत मला. नीट मिटत नाहीस, म्हणायचात. मुख्याध्यापकांचा मुलगा. सगळी शाळा बघायची."

"तू मला सांगितलं का नाहीस?" आप्पांनी विचारलं.

"काय सांगू? तुम्ही म्हणायचात, प्रत्येकाला दिसतं. मला वाटलं, मीच एक मोडका." तो थांबला. "बिघडलेली लिफ्ट मला हातांनी कळते. कान लावला की कळते. पण तुमच्याकडे त्याला गुण नव्हते. वहिनींच्या पेपरातही नाहीत. तुमच्या दोघांत मला तरी काही फरक दिसत नाही. सगळ्यांना एकच फूटपट्टी. तुमची लाकडी होती, एवढंच."

थोरल्याने उगाच एक फ्रेम उचलून परत ठेवली. नर्सला आठवलं, लग्नानंतर कधी तरी तिने त्याला विचारलं होतं, डोळे मिटल्यावर तुला मी दिसते का? तो हसून उठून गेला होता आणि तिने ते फार मनाला लावून घेतलं होतं. आता तिला त्याच्याजवळ जावंसं वाटलं, पण मांडीशी भिंगरी होती.

आप्पा स्टुलावर बसले. काही वेळ ते समोरच्या आरशात बघत राहिले, पण आपल्याकडे नाही, मागे उभ्या असलेल्या धाकट्या मुलाकडे. पन्नास वर्षं त्यांनी मुलांना डोळे मिटायला लावले होते आणि मिटलेल्या डोळ्यांच्या आत खरंच काय आहे, हे कळायला त्यांच्याकडेही मुलांच्या शब्दाखेरीज काही नव्हतं. किती जणांनी होडी सांगितली असेल? रस्त्यात थांबवून नमस्कार करणाऱ्यांपैकी किती जणांनी? न करणारे तर कधी भेटलेच नव्हते. पोटच्या पोराने चाळिशीत तोंड उघडलं, आणि तेही नातीसाठी. आप्पांना फार एकटं वाटलं.

"भिंगरे," ते म्हणाले. "इकडे ये बाळ."

ती आली.

"उद्या डोळे मिटायचे नाहीत."

"का?"

"परीक्षेत मिटायचे नाहीत. वाचायचं, त्यातले आकडे घ्यायचे, गोल काळा करायचा आणि पुढे जायचं. माळ्याकडे थांबायचं नाही."

"पण तुम्हीच म्हणता, दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही."

"मीच म्हणतो. आणि मीच सांगतोय, उद्या नाही." त्यांचा हात तिच्या डोक्यावर होता. "चला, उरलेले सात सोडव बघू."

ती पुन्हा उंच खुर्चीत चढली. या वेळी तिने डोळे इतके ताणून उघडे ठेवले की त्यांना पाणी आलं. पेन्सिल भराभर चालली. मोठ्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. वेळ संपायच्या आत सातही गोल काळे झाले. त्यांनी कागद ओढून घेतला, तिथेच उभ्या उभ्या तपासला. पाच बरोबर. म्हणजे चाळीसात अठ्ठावीस तरी. म्हणजे पास. म्हणजे दाखल्याची गरज नव्हती.

"जमलं की गं!" थोरल्याने टाळी वाजवली आणि हिरवी फ्रेम तिच्या नाकावर चढवली. "छान! कसं वाटलं?"

"काहीच दिसलं नाही," भिंगरी म्हणाली.

तिने फ्रेम काढून नीट घडी घातली, फडक्याने पुसली आणि जागेवर ठेवली. मग ती बापाजवळ जाऊन उभी राहिली. धाकट्याने तिला उचललं, आता ती उचलण्याएवढी लहान राहिली नव्हती तरी. तिने त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"म्हणजे झालं," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. "ती बसेल. तुझा दाखला नको मला."

"बसेल," नर्स म्हणाली. "मिटून सोडवायचं की उघड्या डोळ्यांनी, ते तिचं ती ठरवेल. तीन आले तर तीन."

"अगं, पण आता तर तिला जमतंय—"

"आणि वहिनी, ते सहा दाखले मी परत घेणार. डॉक्टरांनी माझ्या शब्दावर सह्या केल्यात. उद्या दवाखाना उघडला की जाऊन सांगते, मुलं बरी झाली. त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण माझी त्यात नव्हती. आज तुम्ही माझ्या मुलीचं नाव घेतलंत तेव्हा मला तोंड फुटलं. त्या सहा जणांच्या आयांना कोण जेवायला बोलावणार आहे?"

मोठ्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आयुष्यभर कुंपणावर बसलेला तो माणूस या वेळी उतरला. "ती बरोबर बोलतेय," थोरला म्हणाला. "शाळा जाईल कदाचित. पण असं नको."

"तुमचं काय जातंय म्हणायला?" मोठ्या बाई उसळल्या. "उद्या यादी लागली की तोंड मी दाखवायचं. आप्पांची शाळा हिनं बुडवली म्हणून लोक बोटं दाखवतील, ती मला." त्यांनी सवयीने आप्पांकडे पाहिलं, आता ते आपल्या बाजूने बोलतील की विरुद्ध, हे जोखायला. आप्पांनी मान वर केली नाही.

त्यांनी पेपर टेबलावर ठेवला. एका मुलीला दहा मिनिटं बघितलं तर तीन गुणांच्या जागी माळी निघाला. राहिलेल्या सहा जणांच्या जागी काय निघालं असतं? कोणी उत्तर येत असून लिहीत नसेल. कोणी शेजाऱ्याचं ऐकून होडी म्हणत असेल. कोणाला खरंच काही येत नसेल, तर ते का येत नाही? त्यांना एकाचंही ठाऊक नव्हतं, आणि पाचही सराव त्यांनी स्वतः घेतले होते. त्यांना अचानक भीती वाटली. लाल यादीची भीती त्यांच्या अंगवळणी पडली होती. ही वेगळी होती.

"फोन द्या माझा," त्या म्हणाल्या.

पहिला फोन त्यांनी बसड्रायव्हरला लावला. त्याची मुलगी तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला बसायची. सहांतली सगळ्यांत शांत. शुक्रवारी त्या स्वतः बोलल्या होत्या त्याच्याशी, शाळेच्या फाटकात, गोड बोलून समजूत घातली होती आणि त्याने टोपी हातात घेऊन सगळं ऐकून घेतलं होतं.

"नमस्कार, शाळेतून बोलतेय. हो, मीच. ऐका, उद्या तिला पाठवा. हो, चाचणीला. मी म्हणाले होते, पण आता पाठवा. बसू दे तिला. किती गुण पडतात ते आपण बघत नाही."

मोठ्या बाईंनी फोनचा स्पीकर चालू केला होता, नर्सला ऐकू जावं म्हणून, आपण खरंच मुलांना बोलावतोय हे कळावं म्हणून.

"कसं पाठवू, बाई?" तो म्हणाला.

"का? काय झालं?"

"तुम्ही सांगितलंत तसंच आम्ही तिला सांगितलं. बाळ, तुला बरं नाहीये, सोमवारी घरी राहायचं. ती म्हणाली, मला काही होत नाहीये. आम्ही म्हटलं, अगं, बाईंना कळतं. बाई शिकलेल्या आहेत, त्यांनी बघितलंय तुला." त्याचा आवाज अडखळला. "काल दिवसभर आरशासमोर जीभ काढून बघत होती. आज सकाळपासून अंग तापलंय."

"अहो, तिला काही झालेलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला म्हटलं होतं ना, ते नुसतं सांगायचं म्हणून. तिला काहीही झालेलं नाही."

"पण हात लावला तर चटका बसतोय, बाई. खात नाहीये काही. सारखी एकच विचारते, मला काय झालंय? आता तुम्हीच सांगा. तुम्ही बघितलंत तिला. तिला नक्की काय झालंय?"

मोठ्या बाईंना त्या मुलीचे पाचही सरावांतले गुण तोंडपाठ होते. आठ, अकरा, सात, आठ, नऊ. त्यापलीकडे तिच्याबद्दल काय ठाऊक आहे, ते त्या आठवत राहिल्या. मग त्यांनी फोन नर्सच्या हातात दिला.